पहिला धंदा आणि जोडलेली माणसे: मुंबईतल्या नव्या उद्योजकासाठी

भांडुपच्या एका औद्योगिक वसाहतीत भाड्याच्या गाळ्यात मी पुठ्ठ्याची खोकी बनवायला सुरुवात केली (खरी खोकी, बोलीभाषेतली नव्हेत), तेव्हा माझ्याकडे एक सेकंडहँड स्टिचिंग मशीन, दोन कामगार आणि ‘आपल्याला एखादा चांगला मेंटॉर मिळाला पाहिजे’ अशी मोघम इच्छा होती. पहिले वर्षभर मी त्या एका माणसाला शोधत राहिलो. तो मिळाला नाही, कारण मुळात असा माणूस नसतोच. ज्याला कागदातले कळत होते त्याला जीएसटीतले कळत नव्हते, आणि ज्याला जीएसटी पाठ होता त्याने आयुष्यात कधी उधारी वसूल केली नव्हती. पुढे ज्या सहा-सात जणांमुळे माझा धंदा तगला, त्यांतल्या एकानेही स्वतःला माझा मेंटॉर म्हणवून घेतले नाही. म्हणून ‘गुरू कसा शोधावा’ हे या लेखात सांगितलेले नाही. कोणता प्रश्न कोणाकडे न्यायचा, त्या माणसापर्यंत कसे पोहोचायचे आणि एकदा जोडलेला माणूस कसा टिकवायचा, याची रीत इथे क्रमाने दिली आहे.

आधी वही, मग माणूस

कोणालाही फोन करण्याआधी दोन आठवडे एक वही चालवावी. दिवसभरात जिथे काम अडले ते तारखेसह, प्रश्नाच्या रूपात लिहावे. शेजारी स्वतः काय करून पाहिले ते लिहावे, आणि तिसऱ्या रकान्यात हा प्रश्न महिनाभर तसाच राहिला तर किती रुपये किंवा किती दिवस जातील याचा अंदाज मांडावा. ‘मार्केटिंग कसे करू?’ हा वहीत लिहिण्याजोगा प्रश्न नव्हे, कारण त्याला कोणीही काहीही उत्तर देऊ शकतो. ‘तीन औषध वितरकांना नमुने दिले, तिघांनी दर विचारला आणि नंतर फोन उचलला नाही, माझा दर चढा आहे, की खरेदीचा अधिकार नसलेल्या माणसाला मी भेटतो आहे?’ हा प्रश्न मात्र ज्याने वितरकांना माल विकला आहे, तो दहा मिनिटांत सोडवू शकतो.

दोन आठवड्यांनी वही चाळली, की प्रश्नांचे गट आपोआप पडतात. काही कसबाचे असतात, काही हिशेब आणि कायद्याचे, काही बाजाराचे. आणि काही असे असतात, की ते कोणत्याच गटात बसत नाहीत, पण रात्री झोप मात्र उडवतात. तिसऱ्या रकान्यातला आकडा ज्याचा मोठा, तो प्रश्न आधी हाती घ्यावा.

माझ्या वहीतला पहिला मोठा आकडा जुलै महिन्याचा होता. पावसाळ्यात खोकी मऊ पडू लागली, रचलेल्या थप्पीतली तळाची खोकी चेपू लागली, आणि ग्राहकाने 400 नग परत पाठवले. मी कागद पुरवणाऱ्याशी भांडलो, जास्त जीएसएमचा (म्हणजे जाड, वजनदार) कागद घेतला आणि खर्च वाढवून बसलो. शेवटी तीन गाळे सोडून असलेल्या एका जुन्या कारखानदाराने येऊन पाहिले. त्याने खोक्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तो खाली वाकला, लादीवर तळहात टेकवला आणि म्हणाला, “थप्पी जमिनीवर कशाला? लाकडी पॅलेटवर ठेव, भिंतीपासून फूटभर लांब.” पुठ्ठा हवेतली ओल ओढून घेतो आणि ओल धरली की त्याची ताकद घटते, हे मला माहीत होते, माझ्या गाळ्याची लादी आणि भिंत पावसाळ्यात रात्रभर घाम गाळतात, हे मात्र मला दिसले नव्हते. असे डोळे पुस्तकातून येत नाहीत, आणि ते बहुधा मोठ्या परिषदेच्या व्यासपीठावरही बसलेले नसतात.

कोणत्या प्रश्नाला कोण

कसबाच्या प्रश्नासाठी त्याच धंद्यातला, पण आपल्याशी थेट स्पर्धा नसलेला माणूस लागतो: दुसऱ्या उपनगरातला, दुसऱ्या प्रकारच्या ग्राहकांना माल देणारा किंवा नुकताच निवृत्त झालेला. माझे मत असे, की आपल्यापेक्षा तीन ते पाच वर्षे पुढे असलेला माणूस तीस वर्षे पुढे असलेल्यापेक्षा अधिक उपयोगी पडतो. तीस वर्षे झालेल्याला पहिल्या वर्षाची तगमग आठवत असते, पण तेव्हाचे दर, अर्ज आणि बँकेची अट आठवत नाही.

हिशेब आणि कायद्यासाठी सीए किंवा वकील लागतो, आणि तिथे फी देऊनच सल्ला घ्यावा. ओळखीचा सीए म्हणून फुकट विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ओळखीपुरतेच मिळते. मात्र सीए हा मार्गदर्शक नव्हे. तुमचा नफा किती झाला ते तो सांगेल. तो धंदा करावा की नाही, हे त्याने सांगावे अशी अपेक्षा धरू नये.

मार्गदर्शक नेमके काय करतो, याचे मुंबईतले जुने उदाहरण गिरगावातले आहे. 1959 साली तिथल्या सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, आणि त्यातून श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड उभा राहिला. पैसे देणारे छगनलाल करमशी पारेख हे त्यांचे मार्गदर्शकही होते. सुरुवातीला बायका दोन प्रतींचे पापड करत, म्हणजे कमी प्रतीचा स्वस्तात विकता यावा. पारेखांनी त्यांना एकाच उत्तम प्रतीचा पापड करा, दर्जात तडजोड करू नका आणि हिशेब चोख ठेवा, असे सांगितले. त्यांनी पापड लाटले नाहीत, ग्राहकही आणून दिले नाहीत. जवळून पाहणाऱ्याला न दिसणारी एक चूक त्यांनी दाखवली आणि एक शिस्त लावली. मार्गदर्शकाकडून यापेक्षा जास्त अपेक्षा धरली, की दोघांचीही निराशा होते.

चुकीच्या माणसाकडे प्रश्न नेला तर काय होते, तेही सांगतो. एका मोठ्या खरेदीदाराने माझे बिल सात महिने अडकवले. मी थेट वकिलाकडे गेलो. त्यांनी कायदा नीट समजावला: सूक्ष्म आणि लघू उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत, उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते, आणि सरकारी ऑनलाइन पोर्टलवरून सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. हे सगळे खरे आहे, 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग) कायद्यातच आहे, आणि प्रत्येक नव्या उद्योजकाने माल द्यायला लागण्याआधीच मोफत असलेली उद्यम नोंदणी करून ठेवावी ती यासाठीच. पण त्याच खरेदीदाराला माल देणाऱ्या एका लेबलवाल्याने चहा पिताना विचारले, “माल पोहोचवल्याच्या चलनावर स्टोअरचा शिक्का आहे का?” नव्हता. शिक्का नसलेल्या चलनाचे बिल त्यांच्या अकाउंट्स विभागात पुढे सरकतच नसे आणि तसे कोणी कळवतही नसे. मी जुन्या चलनांवर शिक्के मारून आणले, आणि पुढच्या महिन्यात पैसे आले. कायदा माहीत असायलाच हवा. पण माझा प्रश्न कायद्याचा नव्हता.

मुंबईत ही माणसे कुठे भेटतात

पहिला शोध पायी फिरण्याच्या टप्प्यात घ्यावा: आपली वसाहत, कच्चा माल देणारा, मशीन दुरुस्त करणारा. दुरुस्तीवाला रोज वेगवेगळ्या कारखान्यांत जातो, आणि कोणाचे काम नेटके आहे हे त्याला चेंबरच्या अध्यक्षांपेक्षा जास्त ठाऊक असते. ‘यातले काम उत्तम कोणाकडे चालते?’ एवढे त्याला विचारावे.

त्यानंतर संस्था. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने 1927 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सचे कार्यालय फोर्ट भागात आहे. मराठी उद्योजकांनी एकमेकांना काम आणि ओळखी द्याव्यात म्हणून अभियंते माधवराव भिडे यांनी 2000 साली सुरू केलेल्या सॅटर्डे क्लबचे चॅप्टर मुंबई-ठाण्यात चालतात, आणि भाषेचा संकोच असलेल्याने तिथूनच सुरुवात करावी. सदस्यांनी एकमेकांना कामे मिळवून द्यायची अशा बीएनआय या संस्थेच्या चॅप्टरमध्ये एका व्यवसायाचा एकच सदस्य असतो आणि दर आठवड्याला भेट होते. तिथे शिस्त आहे, शुल्कही बरेच आहे, आणि ज्याचा धंदा ओळखीतून येणाऱ्या कामावर चालतो त्यालाच ते परवडते. माझ्यासारख्या कारखानदारापेक्षा इंटिरियरवाला, विमा सल्लागार किंवा छपाईवाला यांना तिथे जास्त लाभ होतो.

तंत्रज्ञानावर उभा असलेला धंदा असेल तर पवईच्या आयआयटीतील साइन हे इनक्युबेटर (नव्या उद्योगांना सुरुवातीला आधार देणारे केंद्र) 2004 पासून काम करते आहे, आणि विद्याविहारला सोमैयाच्या आवारात रिडल हे तसेच केंद्र आहे. गुंतवणूकदारांपर्यंत जायचे असेल तर टाय मुंबई या उद्योजकांच्या संघटनेचे कार्यक्रम पाहावेत. सामाजिक कामातून उद्योग उभारणाऱ्यांना अनलिमिटेड इंडिया सुरुवातीच्या टप्प्यातच हात देते. दलित उद्योजकांसाठी मिलिंद कांबळे यांनी 2005 मध्ये स्थापन केलेली डिक्की (दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री) आहे. बचत गटातल्या महिलांसाठी माविमची (महिला आर्थिक विकास महामंडळाची) यंत्रणा आहे, आणि महालक्ष्मी सरस प्रदर्शनात स्टॉलच्या मागे उभ्या असलेल्या बायकांशी तासभर बोलले तरी पॅकिंग, वाहतूक आणि दर यांबद्दल एखाद्या शिबिराइतके शिकायला मिळते.

सरकारी दारे अनेकजण चुकवतात, आणि ते चूक आहे. साकीनाक्याला केंद्राचे एमएसएमई विकास कार्यालय आहे आणि जिल्हा उद्योग केंद्रातून मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमासारख्या योजनांचे अर्ज पुढे जातात. तिथल्या प्रशिक्षणातले व्याख्यान कधी कधी कंटाळवाणे असते, हे मान्य. पण शेजारच्या खुर्चीवर बसलेला माणूस तुमच्याच टप्प्यावर असतो, आणि पुढे सांगितलेल्या भिशीसाठी तोच हवा असतो. स्टार्टअप म्हणून मान्यता असलेल्यांना स्टार्टअप इंडियाच्या ‘मार्ग’ पोर्टलवरही मार्गदर्शक शोधता येतात.

एकाच वेळी सगळीकडे सदस्यत्व घेऊ नये. पाहुणा म्हणून दोन-तीन सभांना जावे, आणि त्या सभेत लोक एकमेकांना फक्त कार्डे देतात की अडचणीही सांगतात, हे पाहून एक संस्था निवडावी.

पहिला निरोप

‘तुम्ही माझे मेंटॉर व्हाल का?’ असे अनोळखी माणसाला विचारणे म्हणजे पहिल्याच भेटीत लग्नाची तारीख विचारणे आहे. समोरच्याला हो म्हटले तर किती वेळ जाईल ते कळत नाही, म्हणून तो गप्प बसतो. मागणी लहान, नेमकी आणि नाकारायला सोपी असावी. मी पाठवलेला आणि उत्तर आलेला एक निरोप असा होता:

“नमस्कार साहेब. मी भांडुपला पुठ्ठ्याची खोकी बनवतो, धंद्याला 14 महिने झाले. आपल्याकडे फाइव्ह-प्लायचे (पाच थरांच्या पुठ्ठ्याचे) काम होते, असे मशीन दुरुस्त करणाऱ्या दादांकडून कळले. माझ्याकडे 100 किलो कागदामागे 11 किलो नासाडी जाते. कापणीचे माप बदलून पाहिले आणि रोल बदलून पाहिला, फरक पडला नाही. याबद्दल आपली वीस मिनिटे मिळतील का? मंगळवारी किंवा गुरुवारी आपण म्हणाल तिथे येईन. वेळ नसेल तर कोणाला विचारावे एवढे सांगितलेत तरी पुष्कळ झाले.”

यात मधला दुवा आहे, आकडा आहे, स्वतः केलेली खटपट आहे, आणि शेवटच्या वाक्यात नकाराची वाटसुद्धा आहे. त्या वाटेनेच कित्येकदा योग्य माणूस सापडतो. उत्तर आले नाही तर आठ-दहा दिवसांनी एकदाच आठवण करावी. त्यानंतर विषय सोडून द्यावा आणि मनात अढी धरू नये.

भेटीची जागा त्यांच्या सोयीची असावी. मुंबईत याचा अर्थ असा, की पश्चिम रेल्वेवरच्या माणसाला संध्याकाळी सहा वाजता घाटकोपरला बोलावू नये. दोन्ही मार्गांना दादर बरे पडते. स्टेशनजवळच्या उडुपी हॉटेलात दुपारी तीन-साडेतीनला टेबल मिळते आणि उठवायलाही कोणी येत नाही. त्याहून उत्तम म्हणजे त्यांच्या कारखान्यातच जावे, कारण बोलण्यापेक्षा तिथे पाहायला जास्त मिळते.

भेटीचा तास

एक कागद बरोबर न्यावा: महिन्याची विक्री, येणे, देणे, कामगार, आणि खाली तो एक प्रश्न. आकडे लपवून सल्ला मागणे म्हणजे डॉक्टरला ताप न सांगता औषध मागणे. गुप्ततेच्या करारावर सही मागू नये. पहिल्या भेटीत त्याने फक्त अविश्वास दिसतो, आणि जे खरोखर गुपित आहे ते या टप्प्यावर सांगायची गरजही नसते. ते बोलत असताना स्वतःचा बचाव करू नये. ‘हो, पण आमच्याकडे तसे चालत नाही’ हे वाक्य तीनदा तोंडातून गेले, की समोरचा माणूस चहा संपवायच्या घाईला लागतो. उठताना एकच विचारावे: ‘यासाठी मी आणखी कोणाला भेटू?’ चहाचे बिल आपण द्यावे, त्यांनी हात पुढे केला तरी.

कळवणे

बहुतेकांचे धागे तुटतात ते इथे. सल्ला मिळतो, आभाराचा निरोप जातो आणि मग काम अडेपर्यंत शांतता. दिलेल्या सल्ल्याचे पुढे काय झाले हे न कळल्याने समोरच्याला आपला वेळ वाया गेला असे वाटते, आणि पुढच्या फोनला तो ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणून सांगतो.

म्हणून भेटीनंतर एका दिवसात ठरलेल्या गोष्टी दोन ओळींत लिहून पाठवाव्यात, आणि तीन ते चार आठवड्यांनी निकाल कळवावा. सल्ला पाळला नाही तरी कळवावे, कारणासह. “आपण सांगितल्याप्रमाणे दोन ऑर्डरींची कापणी एकत्र लावली, नासाडी 11 वरून 7 किलोवर आली, पण ऑर्डर लहान असेल तर जमत नाही” या माझ्या निरोपावर साहेबांनी स्वतःहून फोन केला आणि पुढच्या शनिवारी दिवसभर आपल्या कारखान्यात उभे राहू दिले. मी काही मागितले नव्हते.

बरोबरीच्यांची भिशी

वडीलधाऱ्या मार्गदर्शकापेक्षाही मला अधिक आधार मिळाला तो माझ्याच टप्प्यावर असलेल्या पाच जणांचा. चाळीत वाढलेल्या कोणालाही भिशी समजावून सांगावी लागत नाही: सगळ्यांनी दरमहा भरायचे आणि दर महिन्याला एकाचा नंबर लागायचा. आम्ही पैशांऐवजी वेळ भरतो.

सहा माणसे पुरेत. आठाच्या वर गेल्यास बोलणे कमी आणि हजेरी जास्त होते. धंदे वेगवेगळे असावेत, पण आकाराने साधारण सारखे. महिन्यातला एक रविवार, सकाळी दहा ते साडेबारा, आळीपाळीने एकमेकांच्या जागी. वर्षाच्या सुरुवातीला चिठ्ठ्या काढून क्रम ठरवावा, आणि कोणावर संकट आले तर अदलाबदल करावी. ज्याचा नंबर असतो तो पंधरा मिनिटे आकड्यांसह आपली अडचण मांडतो. पुढची वीस-पंचवीस मिनिटे बाकीच्यांनी फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला द्यायचा नाही. हा नियम पाळणे फार कठीण जाते, विशेषतः मला. त्यानंतर प्रत्येकाने स्वतःचा अनुभव सांगायचा: ‘तू असे कर’ नव्हे, ‘माझ्याकडे असे झाले तेव्हा मी हे केले’. शेवटी नंबरवाला तीन कामे तारखांसह लिहितो, आणि पुढच्या महिन्याची पहिली दहा मिनिटे त्या कामांच्या हिशेबाची.

डबे पुरवणाऱ्या आमच्यातल्या एका ताईंचा नंबर लागला तेव्हा त्यांनी नवे ग्राहक कसे मिळवावेत हा प्रश्न आणला होता. प्रश्न विचारत गेल्यावर निघाले असे, की 40 डब्यांपैकी 12 जण महिन्याचे पैसे वीस तारखेनंतर देतात आणि तोवर ताई किराणा उधारीवर, चढ्या दराने भरतात. नवे ग्राहक आले असते तर उधारीच वाढली असती. त्या महिन्यात त्यांनी एकही नवा डबा घेतला नाही. जुन्या ग्राहकांकडून पंधरा दिवसांची रक्कम आगाऊ घ्यायला लागल्या. तिघे सोडून गेले. आम्हीच विचारून विचारून तिथे पोहोचलो होतो, म्हणून ते तिघे गेल्याचे ओझे ताईंना एकटीला वाहावे लागले नाही.

तीन पथ्ये पाळावीत. बैठकीत निघालेली गोष्ट बाहेर जाऊ देऊ नये. पहिले वर्ष एकमेकांना माल विकू नये. आणि एकमेकांत कर्जव्यवहार अजिबात करू नये; पैशांची भिशी आणि ही भिशी यांची गल्लत झाली, की पहिला हप्ता चुकताच दोन्ही मोडतात. व्हॉट्सॲप ग्रुप असावा, पण त्यावर शुभ सकाळ आणि राजकारण वर्ज्य असावे.

घर

पहिल्या वर्षी घरच्यांना अर्धवट माहिती असते, आणि अर्धवट माहितीतून काळजी वाढते. महिन्यातून एकदा घरातल्या कर्त्या माणसांना तोच एक कागद दाखवावा, आणि धंद्यात घरचे जास्तीत जास्त किती पैसे जातील तो आकडा आधीच ठरवून ठेवावा. मामा-काकांकडून पैसे घेतले तर ते कर्ज आहे, भागीदारी आहे की मदत, हे कागदावर असावे. कर्ज 20,000 रुपये किंवा त्याहून अधिक असेल तर ते रोखीने घेऊ नये, कारण आयकर कायद्याला ते चालत नाही, खात्यातूनच घ्यावे. वहीतल्या त्या चौथ्या गटातल्या, झोप उडवणाऱ्या प्रश्नांसाठी घर आणि भिशी दोन्ही अपुरी पडू लागली तर 14416 या टेली-मानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांकावर मोफत बोलता येते. त्यात कमीपणा नाही.

फी, हिस्सा आणि सावधगिरी

अधूनमधून वेळ देणाऱ्याला पैसे देऊ करू नयेत. बहुतेकांना ते अवघडल्यासारखे होते. महिन्याला ठरावीक तास आणि ठरावीक काम असेल तर फी ठरवावी आणि पत्रावर लिहावी. सल्ल्याच्या बदल्यात कंपनीत हिस्सा मागितला गेला तर घाई करू नये. स्टार्टअपच्या जगात सल्लागाराला साधारण एक टक्क्याच्या आतच, आणि तोही दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने दिला जातो. शिवाय आपल्या कंपनी कायद्यात स्वेट इक्विटी (कामाच्या बदल्यात शेअर) आणि ईसॉप (ठरलेल्या दराने शेअर घेण्याचा हक्क) या तरतुदी संचालक आणि कर्मचाऱ्यांसाठी आहेत. बाहेरच्या सल्लागाराला हिस्सा कसा द्यायचा हे कंपनी सेक्रेटरीला विचारूनच ठरवावे. एकट्याच्या मालकीच्या धंद्यात तर शेअरच नसतात. त्यामुळे ‘पाच टक्के द्या, मी बघतो’ म्हणणाऱ्याला चहा पाजून निरोप द्यावा.

हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये स्वस्त प्रवेश देऊन संध्याकाळपर्यंत हजारोंचा ‘कोर्स’ विकणारे, पहिल्याच भेटीत ‘तुमच्याखाली आणखी चार जण आणा’ म्हणणारे, आणि कर्ज मंजूर करून देतो म्हणून आगाऊ रक्कम मागणारे ओळखायला फार हुशारी लागत नाही. फक्त ते भेटतात तेव्हा आपण फार थकलेले असतो. असा कोणताही निर्णय पुढच्या भिशीपर्यंत लांबवावा.

आणि एखाद्या मार्गदर्शकाचा उपयोग संपला, तर संबंध गुपचूप सुकू देऊ नये. एक फोन करून, त्यांच्यामुळे नेमके काय जमले ते सांगावे आणि ठरावीक भेटी थांबवाव्यात. नासाडीचा प्रश्न सुटल्यावर साहेबांना मी तसा फोन केला. ते हसले आणि म्हणाले, “बरं झालं. आता माझ्याकडे वसईचा एक मुलगा येतो, त्याच्या थप्पीला बुरशी धरते आहे. त्याला तुझा नंबर देऊ का?”